पंडिता रमाबाई आणि आगमनकाळची आशा



आगमनकाळ आला म्हणजे जगभरच्या मंडळ्या आशेचे पाठ वाचू लागतात. परंतु आपल्या बीड जिल्ह्यात हाच काळ गावे रिकामी होण्याचा असतो. दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बैलगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी ह्यांवर संसार लादून ऊसतोडीस निघतात. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी ह्या डोंगरभागांतील कित्येक वाड्यावस्त्यांवर मग म्हातारी माणसे व लेकरे एवढीच मागे राहतात. नाताळापूर्वीच्या चार रविवारी उपासनेस कोठे दहा, कोठे सहा जण जमतात. गेलेली माणसे उन्हाळा लागल्यावाचून परतावयाची नाहीत. अशा वेळी रिकाम्या सतरंजीसमोर यशयाचा अध्याय वाचावयाचा, तेव्हा ही आशा नक्की कशाची, व ती धरून माणसाने करावयाचे काय, हा प्रश्न मनात उभा राहतोच.

ह्या प्रश्नास आम्ही आज प्रवचनाने उत्तर न देता एका चरित्राने देऊ इच्छितो. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात हन्ना नावाची एक संदेष्ट्री आहे. लग्नानंतर सात वर्षेच तिला पतीचा सहवास लाभला, व पुढे चौऱ्याऐंशी वर्षांचे वय होईपर्यंत ती विधवा राहिली. मंदिर न सोडता, उपास व प्रार्थना करीत, तिने तारणाऱ्याची वाट पाहिली, व बाळ येशू मंदिरात आणला गेला त्या घटकेस ती तेथे हजर होती. आपल्या महाराष्ट्रातही अशीच एक विधवा होऊन गेली. तिचे नाव पंडिता रमाबाई. नाव सर्वांस ठाऊक आहे, परंतु आयुष्याची हकिकत पुष्कळांस तुटक तुटकच ठाऊक असते; ती येथे आगमनकाळच्या दृष्टीने सांगण्याचा आमचा हेतू आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकवावे असे त्यांचे मत होते, आणि त्या काळी हे मत महाग पडे. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, व ह्या कारणास्तव लोकांचा रोष सोसून ते अरण्यात राहावयास गेले. धाकट्या मुलीचे शिक्षण मुख्यत्वे आईनेच केले. घरची कामे सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, आई मुलीस जागी करून श्लोक म्हणवून घेई. मूल लहान असतानाच कुटुंबाने अरण्यातील घर सोडले, आणि आईबाप, थोरला भाऊ श्रीनिवास, थोरली बहीण कृष्णाबाई व रमा अशी ही मंडळी तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागली. जमीनजुमला नाही, ठरलेले गाव नाही. लोक जे देतील त्यावर निर्वाह. जे मिळे त्यातील मोठा भाग दानधर्मात खर्च होई. देवाचे दर्शन घडेल, कृपा होईल, ह्या आशेने ते एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्रास जात. त्यांची ती तळमळ खरी होती हे आम्ही आदराने सांगतो.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी दाणा उरला नाही, तेथे पुराणिकास कोण देणार? ह्या कुटुंबास शारीरिक कष्टाची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज होती. भांडीकुंडी, वस्त्रे, जे काही होते ते विकून संपले. रानातील पाने व फळे खाऊन दिवस काढावे लागले. शेवटी म्हाताऱ्या, आंधळ्या झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा श्रीनिवासाने जातीचा व विद्वत्तेचा अभिमान बाजूस सारून मजुरी करण्याची तयारी दाखविली, व तो विचार टळला. परंतु १८७४ साली वडील गेलेच. थोड्याच आठवड्यांनी आई गेली. तिला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत. भाऊ व मोठ्या मिनतवारीने आलेले दोन ब्राह्मण ह्यांच्या जोडीस चौथी म्हणून रमा उभी राहिली. उंची कमी असल्यामुळे तिला खांद्यावर भार घेता येईना, म्हणून तिने तो डोक्यावर घेतला. सुमारे तीन मैलांवर स्मशान होते. वय सोळा. पुढे काही काळाने थोरली बहीणही पटकीने गेली.

राहिलेली दोन भावंडे पायी निघाली. दक्षिणेपासून थेट पंजाब व काश्मीरपर्यंत ती चालत गेली. थंडीच्या दिवसांत एकदा झेलम नदीच्या काठी अंगावर घेण्यास काही नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून दोघे त्यांत निजली, व डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. ऊसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत डिसेंबरची रात्र काढणाऱ्या आमच्या वाचकांस ही थंडी समजावून सांगावी लागणार नाही. ह्या भटकंतीतच ज्या आशेवर आईबापांनी आयुष्य वेचले होते ती दोघा भावंडांच्या मनातून हळूहळू ओसरत गेली. तिच्या जागी दुसरी कोणतीही आशा अद्याप आली नव्हती.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या ह्या मुलीची परीक्षा घेतली, आणि तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. सभांतून तिची व्याख्याने होऊ लागली. वर्तमानपत्रे तिच्याविषयी लिहू लागली. परंतु मान मिळाला तोच आधार गेला. १८८० साली श्रीनिवास मरण पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी त्याचे स्नेही बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते दुसऱ्या जातीचे होते. दोघे आसामकडील सिल्चर गावी राहू लागली. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली; तिचे नाव मनोरमा ठेविले. लग्नास पुरती दोन वर्षेही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पतीचे पटकीने देहावसान झाले. चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई आईबाप, भाऊ, बहीण व पती ह्या सर्वांस अंतरल्या. हाती एक तान्हे मूल होते.

येथे एक लहानशी गोष्ट सांगावयास हवी. सिल्चरच्या घरी, पुस्तकांमध्ये, रमाबाईंस एक छोटी पुस्तिका सापडली. ती कोठून आली हे त्यांस आठवेना. ते लूककृत शुभवर्तमान होते, बंगाली भाषेत. ज्या पुस्तकात जखऱ्या व अलीशिबा, मरीया, शिमोन व विधवा हन्ना ह्यांच्या प्रतीक्षेची हकिकत आहे, तेच पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यांनी ते मोठ्या आवडीने वाचले. परंतु बी पेरले व पीक त्याच दिवशी आले असे कधी होत नाही.

विधवा होऊन त्या पुण्यास आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, व सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर असावयास हव्यात अशी मागणी केली. पुढच्या वर्षी त्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील भगिनीमंडळात राहिल्या. लंडनच्या एका भागात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांविषयी इतकी माया कोठून येते, असे विचारल्यावर त्यांस येशू व शोमरोनी स्त्री ह्यांची गोष्ट सांगण्यात आली. जो विहिरीशी बसून अशा बाईशी बोलतो तोच स्त्रीजातीचा तारणारा होय, अशी त्यांची खात्री झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

ह्यापुढची गोष्ट आमच्या मंडळ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रतीक्षा संपली असे रमाबाईंचे झाले नाही. आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु खुद्द ख्रिस्त अद्याप सापडला नाही, असे त्यांस पुढे कित्येक वर्षे वाटत राहिले. ती शांती त्यांस सुमारे आठ वर्षांनी मिळाली. मधल्या काळात त्या ढोंग करीत बसल्या नाहीत व कामही सोडले नाही. ज्यांचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला, वा वडिलांच्या वेळी सगळ्या वाड्याबरोबर झाला, व ज्यांस आजही अंतःकरण कोरडे वाटते, त्यांनी ह्या आठ वर्षांचे स्मरण ठेवावे.

इंग्लंडहून १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ह्यांस फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळाली त्या समारंभास त्या हजर होत्या. १८८७ साली हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. तेथील लोकांनी विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे वचन देऊन बोस्टन येथे एक मंडळ स्थापिले. १८८९ च्या फेब्रुवारीत त्या परतल्या, व ११ मार्च रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. इतक्या दूरवर फिरून, इतकी भाषणे करून, पहिल्या दिवशी शाळेत मुली आल्या दोन! त्यांपैकी गोदूबाई ही विधवा होती. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. दोन मुलींची शाळा पाहून रमाबाईंनी ती बंद केली नाही, हे सहाजणांच्या मंडळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८९० साली शाळा पुण्यास गेली. मुली वाढल्या, तसा विरोधही वाढला. रमाबाई कोणावर धर्माची सक्ती करीत नसत. परंतु त्या स्वतः प्रार्थना करीत त्या वेळी खोलीचे दार लावून घेत नसत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. १८९३ साली ह्यावरून मोठा गदारोळ उठला. सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी अंग काढून घेतले, व पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. चार वर्षांचे काम एका महिन्यात उद्ध्वस्त होते की काय, असे दिसू लागले. परंतु सदन टिकले.

आता आम्ही त्या भागाकडे येतो, ज्यासाठी हे चरित्र आम्ही हाती घेतले. अमेरिकेतील मंडळाने दिलेले दहा वर्षांचे वचन १८९८ साली संपावयाचे होते. पुढे शाळेचा निर्वाह कसा व्हावा ह्या विचाराने रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे जमीन घेतली. जमीन माळरानाची होती. तेथे विहीर खणून फळझाडे लाविली. ती धरतील, फळे विकली जातील, व त्या पैशावर सदन चालेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब शहाणपणाचा होता. परंतु देवाने त्या जमिनीचा उपयोग निराळाच ठरविला होता. झाडांस पुरते फळ धरण्यापूर्वीच, १८९६ साली, देशात दुष्काळ पडला.

मध्य प्रांतातून जे वर्तमान येत होते ते वाचून बाईंस आपले सोळावे वर्ष आठवले. रानातील पाने खाणारी मुलगी, विकावयास काही न उरलेले घर, आईच्या तिरडीस न मिळालेले खांदेकरी! ज्याने असे दिवस पाहिले त्याने ते विसरण्याचा प्रयत्न केला तर त्यास कोण दोष देईल? बाई मात्र उठल्या व मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांच्या कडेने, झाडांखालून त्यांनी निराधार मुली व तरुण विधवा गोळा केल्या. पोरक्या मुलींस फूस लावून नेणारे लोकही तेथे फिरत होते; त्यांच्या तावडीतून सुटलेल्या कित्येक मुली माणसाच्या हाताचीही भीती बाळगीत. अशा सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. त्याच सुमारास पुण्यास गाठीच्या तापाची साथ आली होती, व शहरात इतक्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा त्या सर्व मुलींस केडगावच्या मळ्यात नेण्यात आले. प्रथम तंबू व झोपड्या. मग पक्क्या इमारती. ज्या झाडांची फळे विकावयाची होती त्यांच्या सावलीत मुली बसल्या, आणि ज्या विहिरी झाडांसाठी खणल्या होत्या त्यांचे पाणी त्या प्याल्या. पुढे ह्या स्थळास मुक्ती हे नाव मिळाले, व सप्टेंबर १८९८ मध्ये त्याचे समर्पण झाले.

लगेच १९०० साली गुजराथेत व इतरत्र त्याहून मोठा दुष्काळ पडला, आणि मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. इतक्या तोंडांस रोज अन्न कोठून येई? ठरलेले मोठे उत्पन्न नव्हते. प्रार्थना होती, लहानमोठ्या देणग्या होत्या, व हातांस काम होते. मुली शेती करीत, गाई राखीत, विणीत, तेल गाळीत, छापखाना चालवीत. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. आंधळ्यांसाठी बार्तीमयाच्या नावाने सदन निघाले, व मनोरमेने त्यांस बोटांनी वाचण्याची लिपी शिकविली. १९०५ साली मुक्तीत मोठी धर्मजागृती झाली, व मुलींच्या टोळ्या गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरू लागल्या. पुढे मायलेकींनी निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथेही मुलींची शाळा काढली. आपला बीड जिल्हा त्या वेळी त्याच राज्यात होता, व तेथे मुलींच्या शिक्षणाची किती वाण होती हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेले आहे.

बाईंचे शेवटचे मोठे काम पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे. त्यांच्या मते त्या वेळचे मराठी शास्त्र शिकलेल्यांस समजे, परंतु त्यातील संस्कृत शब्दांमुळे खेड्यातील बायकांस अवघड जाई. पुराणे ज्यांच्या जिभेवर होती त्या पंडितेने भांडी घासणाऱ्या बाईस कळेल असे शास्त्र लिहावयास घेतले. त्यासाठी पन्नाशीच्या सुमारास त्या इब्री व ग्रीक भाषांच्या अभ्यासास बसल्या. कानांनी ऐकू येणे कमी झाले होते. शरीर थकत होते. दिवसा दोन हजार माणसांच्या घराचा कारभार, आणि उरलेल्या वेळी यशया, मीखा, मलाखी. आगमनकाळी आपण जे अध्याय वाचतो ते त्यांनी शब्दाशब्दाने तोलून मराठीत आणले. अंधारात चालणाऱ्या लोकांस मोठा प्रकाश दिसला, ही यशयाची वार्ता ज्या हाताने लिहिली, त्याच हाताने झेलमच्या काठी वाळू अंगावर ओढली होती. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे मुक्तीतील मुलींनी व स्त्रियांनी केली. दुष्काळात जिला कोणी वाली नव्हता तिच्या हातून देवाचे वचन छापले जाऊ लागले.

काम पुरे होत आले असता बाईंवर शेवटचा घाव पडला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा मरण पावली. ती चाळीस वर्षांची होती. आईच्या मागे मुक्तीचा भार तीच उचलील असे सर्वांनी धरले होते. तान्ही असताना जिला घेऊन आई समुद्रापार गेली, जी आईचा उजवा हात झाली होती, ती आईच्या आधी गेली. बाईंचे वय तेव्हा त्रेसष्ट होते. ज्यांनी आपल्या हातांनी लेकरास मूठमाती दिली आहे त्यांस आम्ही ह्याहून अधिक काय सांगावे? अशा दुःखास आशेच्या नावाखाली हलके लेखणे पाप आहे. बाईंनी ते हलके लेखले नाही; त्या पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. नऊ महिनेही झाले नव्हते, तेव्हा ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. शास्त्राचे काम हातून पुरे झाले होते. परंतु संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. तो बांधलेला त्यांनी पाहिला नाही.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रावरून आगमनकाळच्या आशेविषयी आम्हांस तीन गोष्टी शिकावयास मिळतात.

पहिली ही की आशा धरणारा येणाऱ्यासाठी जागा करून ठेवतो. केडगावची विहीर खणली तेव्हा ते पाणी कोण पिणार हे बाईंस ठाऊक नव्हते. हिशेब चुकला, परंतु विहीर फुकट गेली नाही. बेथलेहेमात जागा मिळाली नाही ती उतारशाळेत. आमच्या वस्तीत ती मिळावी ह्यासाठी आधीच काही करावयास हवे.

दुसरी ही की देवाने दिलेली आशा आपल्यापुरती राहत नाही. बाईंचा दुष्काळ वीस वर्षांनी तीनशे मुलींच्या उपयोगी पडला. जो स्वतः उपाशी राहिला आहे त्यास दुसऱ्याची भूक लांबून ओळखता येते. आमच्या मंडळ्यांनी गरिबी, उचल, कर्ज, परगावची कोपी हे सर्व पाहिले आहे. ही ओळख देवाच्या कामी यावी.

तिसरी ही की आशेचे फळ आमच्या डोळ्यांदेखत येईलच असे नाही. यशयाने बाळ पाहिले नाही. हन्नेने बाळ पाहिले, परंतु वधस्तंभ व पुनरुत्थान पाहिले नाही. रमाबाईंनी ग्रंथ पाहिला नाही. आम्हीही प्रभूच्या दुसऱ्या आगमनाची वाट पाहत आहोत. मधल्या वेळात प्रत्येकाने आपल्या वाट्याची पाने तपासून ठेवावयाची आहेत.

आता आपल्या घरची गोष्ट बोलू. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, व म्हणून पोराचा कोयता व्हावा ह्यासाठी कोवळ्या मुलीचे लग्न उरकण्यात येते. मुलगी मागे ठेवावी तर तिच्या रक्षणाची धास्ती, बरोबर न्यावी तर शाळा सुटते, ह्या पेचात पुष्कळ आईबाप हे करतात. त्यांस नुसता दोष देऊन काही होणार नाही. परंतु ज्या मंडळीत एखादी आजी किंवा मावशी चार मुलींस आपल्या घरी निजावयास बोलावील, त्यांस शाळेस धाडील, व संध्याकाळी त्यांच्याकडून शास्त्र वाचून घेईल, त्या मंडळीत लहानसे मुक्ती सदन उभे राहिलेच. त्यास इमारत नको, परदेशचे मंडळ नको. ह्या आगमनकाळी प्रत्येक मंडळीने एवढे ठरवावे की ह्या हंगामात आपल्यातील एकही मुलगी वयापूर्वी बोहल्यावर चढणार नाही, व कोणत्याही घरी ती एकटी राहणार नाही.

जे गावी उरले आहेत त्यांनी चार आठवडे रोज लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय थोडे थोडे वाचावे. ज्या आजीआजोबांस अक्षर दिसत नाही त्यांस नातवंडांनी वाचून दाखवावे. जे दूर फडावर आहेत त्यांच्याशी रविवारी फोनवरून एक प्रार्थना करावी. आपली पुष्कळ माणसे दौंड तालुक्याच्या उसातही जातात. त्यांनी केडगावचे नाव ऐकले तर जाणावे की तेथे आजही मुक्तीचे काम चालू आहे, व ज्या बाईने ते सुरू केले ती एके काळी आपल्यासारखीच, घर पाठीवर घेऊन, वाटेने चालली होती.

जो प्रभू गोठ्यात जन्मला व ज्यास लेकराच्या वयातच मिसर देशी परागंदा व्हावे लागले, तो कोपीचा मार्ग चुकणार नाही. तो येईल तेव्हा आपण सर्व, गावी असो वा फडावर, हन्नेसारखे जागे सापडो, व आपल्या हाती काम असो, हीच आमची प्रार्थना. आमेन.